'कलरव'चं 'कलख' झालं तेव्हा: ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षातलं एक प्रकरण

पहिल्या सत्राचा नववा आठवडा होता. वर्ग सुटल्यावर ती रेंगाळली, सगळे गेल्याची खात्री केली आणि म्हणाली, "मॅडम, मला कोर्स सोडायचाय. मला वाटायचं मला चित्रकला येते. इथे कळलं, काहीच येत नाही."

ग्राफिक डिझाइनच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. ते म्हणणारं मूल बहुधा कामचुकार नसतं, वर्गात सगळ्यात जास्त रात्री जागणाऱ्यांपैकी असतं. हीही तशीच होती. पुढचे सहा-सात महिने मी तिचं काम जवळून पाहिलं, नोंदी ठेवल्या. तिच्या परवानगीनेच ते इथे मांडतेय. नाव किंवा ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. तिची अडचण ना हुशारीची होती ना मेहनतीची, आणि ती नेमकी कुठे आहे हे मलाही बराच काळ दिसलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आली तेव्हा

शाळेत ती 'चित्रकलेची मुलगी' होती. फळ्यावरचं सुंदर अक्षर तिचं, भिंतीवर लावायचं चित्र तिचं. इथे तीस जणांच्या वर्गात तीसही जण आपापल्या शाळेतले तेच होते. हा धक्का सगळ्यांनाच बसतो, पचायला महिना-दीड महिना जातो. तिने तो कुणाला दिसू दिला नाही. आपण मागे आहोत हे कुणाला कळता कामा नये, असं तिने मनाशी धरलं आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दुसरा धक्का अभ्यासक्रमाचा. लोगो, मुखपृष्ठं, पोस्टरं करायला मिळतील म्हणून मुलं येतात आणि पहिले कित्येक आठवडे ठिपके, रेषा, काळे चौकोन आणि करड्या छटा यांत जातात. "हे कशासाठी?" हा प्रश्न रास्त आहे आणि आम्ही शिक्षक त्याचं उत्तर क्वचितच नीट देतो. या पद्धतीचं मूळ बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेत आहे. १९१९ साली व्हायमारला ती शाळा सुरू झाली, तेव्हा योहानेस इटेन यांनी तिथे सहा महिन्यांचा प्राथमिक वर्ग सुरू केला. आधी साहित्य, पोत, छटा, विरोध यांच्याशी झटापट करा, मग कार्यशाळेत पाऊल टाका. १९२३ मध्ये इटेन शाळा सोडून गेल्यावर लास्लो मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बर्स यांनी तो वर्ग पुढे चालवला. जगभरच्या कितीतरी डिझाइन शाळांचं पहिलं वर्ष आजही कमी-अधिक त्याच वाटेने जातं. काय काढायचं ते घटकाभर बाजूला ठेवून डोळ्याला काय दिसतंय ते आधी शिकायचं, हा त्यामागचा विचार. ज्याला उत्तम चित्र काढता येतं त्याला हे फार जड जातं, कारण त्याचा हात डोळ्याच्या पुढे धावतो.

नऊ करड्या छटा

पहिली मोठी असाइनमेंट होती पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ छटांची पट्टी. पोस्टर कलरमध्ये, तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन, आणि शेजारच्या दोन छटांतलं अंतर डोळ्याला सगळीकडे सारखं वाटलं पाहिजे.

ऐकायला सोपं, करायला बसलं की घाम फुटतो. काळा रंग फार जोरकस असतो. पांढऱ्यात तो ब्रशच्या टोकाने कणाकणाने घालावा लागतो. उलट, काळ्यात पांढरा घालत बसलं तर बाटली संपते पण हवी ती छटा येत नाही. त्यातून ओला रंग फसवतो. हलक्या छटा वाळल्यावर किंचित गडद होतात, गडद छटा किंचित फिक्या. रात्री ओल्या रंगावर जुळवलेली पट्टी सकाळी बघावी तर मधले दोन-तीन चौकोन एकमेकांची जुळी भावंडं. यावर एकच इलाज आहे. कागदाच्या चिठ्ठ्या रंगवायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, कापून क्रमाने मांडायच्या आणि डोळे किलकिले करून बघायच्या. जी बसत नाही ती काढून नवी रंगवायची. नऊ चौकोनांसाठी अशा तीस-चाळीस चिठ्ठ्या सहज होतात.

तिने नऊच चौकोन रंगवले. कडा सुरीने कापल्यासारख्या, कागदावर एक डाग नाही, आणि चौथी, पाचवी, सहावी छटा जवळजवळ एकच. शेजारी बसणाऱ्या मुलाच्या पट्टीवर बोटांचे ठसे होते, कडा वाकड्या होत्या, पण छटा पायरीपायरीने उतरत होत्या. त्याला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. तिला तो सरळसरळ अन्याय वाटला, पण तिने मला विचारलं नाही. मीही उलगडून सांगितलं नाही. शेऱ्यात एवढंच लिहिलं, 'मधल्या छटा बघ.' त्याचा अर्थ तिने घेतला, 'अजून नीट रंगव.'

आज मागे वळून बघताना वाटतं, गाडी रुळावरून घसरली ती या तीन शब्दांपाशी.

'कलरव'

पुढची असाइनमेंट पोस्टरची. एक शब्द निवडायचा आणि त्याचा अर्थ शक्यतो अक्षरांतूनच दिसेल असं काम करायचं. ए-३ कागद, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, काळा आणि सोबत एकच रंग, मुदत तीन आठवडे. तिने 'कलरव' निवडला, म्हणजे पक्ष्यांचा गोड किलबिलाट. इतका सुंदर शब्द कुणी निवडला याचाच मला आनंद झाला होता.

दर बुधवारी मी विचारायचे, "कुठवर आलंय?" ती म्हणायची, "चाललंय मॅडम." स्केचबुक मिटलेलंच असायचं. मीही ते उघडून दाखव म्हटलं नाही.

ज्युरीच्या दिवशी, म्हणजे सगळ्यांची कामं मांडून त्यांवर सर्वांसमोर बोललं जातं त्या दिवशी, तिने काम भिंतीवर लावलं. एक फांदी, तिच्यावर चौदा पक्षी, प्रत्येकाचं पीस न् पीस रंगवलेलं. खाली, कागदाच्या शेवटच्या भागात, हाताने काढलेला शब्द. समोरच्या रांगेतून पहिलाच प्रश्न आला, "कलख म्हणजे काय?"

दोघं-तिघं हसली. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने वाचलं ते विचारलं. देवनागरीत 'र' आणि 'व' फार जवळ आले की त्यांचा 'ख' होतो. छापील 'ख' खालून जोडून काढण्याची पद्धत रूढ झाली तीही याच घोटाळ्यामुळे. गंमत म्हणजे तिने निष्काळजीपणा मुळीच केला नव्हता. प्रत्येक दोन अक्षरांत पट्टीने मोजून ४ मिलिमीटर सोडले होते. पण तिचा 'ल' उभ्या काण्याने संपतो, 'र'चा पाय तिरका होऊन उजवीकडे निसटतो, 'व'चं पोट डावीकडे येतं. पट्टी कडेपासून कडेपर्यंत मोजते. डोळा मधल्या पांढऱ्या जागेचा आकार बघतो. मोजून सारखं सोडलेलं अंतर डोळ्याला सारखं दिसत नाही, हे त्या क्षणी संपूर्ण वर्गाला शिकवता आलं असतं.

मी ते शिकवलं नाही. मी म्हणाले, "हे पोस्टर नाही, हे चित्र आहे."

वाक्य खरं होतं. चौदा पक्ष्यांनी किलबिलाट करून टाकल्यावर अक्षरांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शब्द नुसता चित्राखालच्या ओळीसारखा पडून राहिला होता. पण हे मी तिला असं फोड करून सांगितलं नाही. तिच्याजवळ चित्र हीच एक हक्काची गोष्ट होती आणि माझं वाक्य तिने त्याच चित्रावरचा निकाल म्हणून ऐकलं. दोन दिवसांनी ती वर्ग सुटल्यावर थांबली ती यामुळे.

फोल्डर

मी तिला म्हटलं, "आज काही ठरवू नकोस. शुक्रवारी या पोस्टरचं जे जे काही असेल ते सगळं घेऊन ये. फाडलेलं, चुरगाळलेलं, सगळं."

शुक्रवारी ती आली. फोल्डर उघडलं तर त्यात तीन कागद: एक रफ म्हणजे कच्चं रेखाटन, एक पेन्सिलीतलं पूर्ण चित्र, एक फायनल. मला वाटलं बाकीचं विसरली असेल. "एवढंच आहे मॅडम."

मग तीन आठवडे कसे गेले ते आम्ही दोघींनी बसून आठवून लिहून काढलं. कल्पना ठरवायला एक संध्याकाळ. पाच-सहा संध्याकाळी फोनवर इतरांची पूर्ण झालेली पोस्टरं बघण्यात; त्यातून हाती आली ती फक्त धास्ती, कारण समोर सगळ्यांचं शेवटचं काम आणि इकडे आपला कोरा कागद. उरलेला सगळा वेळ पेन्सिल आणि रंगात, शेवटच्या चार रात्री जागून. शेवटच्या रात्री तीन वाजता माउंट बोर्ड कापताना स्टीलची पट्टी सापडेना म्हणून प्लॅस्टिकची घेतली, कटरचं पातं तिच्यात घुसून वर चढलं आणि अंगठा कापला. ज्युरीत ती हात पाठीमागे धरून उभी होती, ते मी पाहिलं होतं. कारण मात्र आत्ता कळलं.

त्याच असाइनमेंटच्या इतर फोल्डरांत चाळीस, पन्नास, साठ रफ होती. तासांचा हिशेब केला तर तिने कुणाहूनही कमी काम केलं नव्हतं, बहुधा जास्तच केलं होतं. पण इतरांनी दोन-दोन तासांच्या पंधरा फेऱ्या मारल्या होत्या आणि तिने तीस तासांची एकच. पहिली सुचलेली कल्पना तिने शेवटपर्यंत घासूनपुसून लखलखीत केली. रफ कुरूप असतं, कुरूप काम कुणी बघितलं तर आपण उघडे पडू, म्हणून रफच करायचं नाही. दाखवायचं ते पूर्ण झाल्यावर. आणि पूर्ण झालेल्या कामाबद्दल कुणी काहीही बोललं तरी त्यात बदल करायला जागा नसते, त्यामुळे प्रत्येक सूचना निकालासारखीच कानावर पडते. करड्या छटांची पट्टी आठवा. तिथेही हेच झालं होतं: चिठ्ठ्या शून्य, चौकोन नऊ.

मुदतवाढ

निदान झालं तरी माझा पहिला उपाय चुकला. मी तिला पोस्टर पुन्हा करायला पाच दिवस वाढवून दिले. सहाव्या दिवशी ती आली तेव्हा पक्षी चौदाचे अकरा झाले होते, पिसं आणखी बारीक झाली होती आणि 'र' व 'व' यांत मोजून ६ मिलिमीटर होते. डोळे सुजलेले. मुदतवाढ देऊन मी तिच्या सवयीलाच खतपाणी घातलं होतं. तेव्हापासून या अडचणीत मी कुणालाही जास्त दिवस देत नाही, लवकरची तारीख देते. "सोमवारी फायनल" ऐवजी "उद्या अकराला वीस रफ."

दुसऱ्या वेळी मी तिला शेजारी बसवलं. काडेपेटीएवढे वीस चौकोन आखले, जाड मार्कर दिला, खोडरबर काढून घेतलं. चाळीस मिनिटं. एवढ्याशा चौकोनात जाड मार्करने पीस काढताच येत नाही, हाच त्याचा फायदा. तरी पहिली वीस थंबनेल, म्हणजे ही चिमुकली रफ, एकाच चित्राची निघाली: फांदी, पक्षी डावीकडे, फांदी, पक्षी उजवीकडे. मी पुढच्या वीसला अटी घातल्या. पाचांत पक्षी चालणार नाही. पाचांत शब्द कागदाबाहेर गेला पाहिजे. पाच फक्त एका अक्षरावर. पाचांत नुसती रेषा आणि अक्षरं.

शेवटच्या पाचांतलं तिसरं करताना तिचा हात थांबला. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला खालून लटकतात. तिने शिरोरेषा कागदावर एकटी आडवी ओढली होती, तारेसारखी, आणि क, ल, र, व ही अक्षरं उचलून तिच्या वर बसवली होती. एक मोठं, एक लहान, एक जरा कललेलं, एक उडण्याच्या बेतात. मी वाकून बघायला लागले तसा तिने त्यावर तळहात ठेवला.

"हे खूप घाण दिसतंय मॅडम."

"घाण दिसतंय. पण बघ, पक्षी एकही नाही आणि आवाज ऐकू येतोय."

ती बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसली. मग म्हणाली, "शिरोरेषा रिकामी राहिली तर चालते?" पहिल्या सत्रात तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

अक्षरांमधल्या अंतराचं काम आम्ही पट्टीशिवाय केलं. काळ्या कागदातून चार अक्षरं कापली, पांढऱ्या कागदावर मांडली, बोटाने सरकवत राहिलो. मधल्या मोकळ्या जागांत वाळू भरली तर सगळीकडे साधारण सारखी मावेल का, असं मनात धरायचं. कागद उलटा फिरवला की शब्द वाचता येत नाही, मग डोळा निमूटपणे नुसते आकार बघतो. 'र'ची जागा पक्की व्हायला पाऊण तास गेला. ठरल्यावर तिने गंमत म्हणून पट्टी लावली, तर चारी अक्षरांतली तिन्ही अंतरं वेगवेगळी निघाली. तो कागद तिने स्केचबुकात चिकटवून ठेवलाय.

बुधवारची भिंत

एकटीला असं शेजारी बसवून वर्षभर चालवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. म्हणून दर बुधवारी पहिला तास फक्त रफचा केला. भिंतीवर फक्त अर्धवट काम लावायचं, रंगवून पूर्ण केलेलं लावायला मनाई. ज्याचं काम आहे त्याने पहिली पाच मिनिटं बोलायचं नाही. बाकीच्यांनी 'छान आहे' किंवा 'आवडलं नाही' म्हणायचं नाही. सर्वांत आधी काय दिसलं, मग काय दिसलं, आणि काय कळलं नाही, एवढंच सांगायचं. जे बोललं जाईल ते शेजाऱ्याने लिहून घ्यायचं.

हे शेवटचं कलम तिच्यासाठी फार कामाचं ठरलं. आपल्या कामावर बोलणं चालू असताना माणूस आतून बचाव रचत असतो, निम्मं ऐकूच येत नाही. संध्याकाळी दुसऱ्याच्या अक्षरातला कागद हातात आला की तेच बोलणं निवांत वाचता येतं. तिने एकदा मला दाखवलं: तिला आठवत होतं त्यानुसार सगळे तिच्या रंगाला नावं ठेवत होते; कागदावर रंगाबद्दल एकच ओळ होती आणि मथळा वाचता येत नाही अशा पाच.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या बुधवारी कुणीतरी नियम मोडून म्हणालं, "हे तर लहान मुलाने काढल्यासारखं आहे." पुढच्या बुधवारी ती आलीच नाही. मी तिला बोलावलं नाही, तिच्या जोडीदार मुलीला तेवढं सांगितलं की तिच्या वाट्याची भिंतीवरची जागा रिकामी ठेव. त्यानंतरच्या बुधवारी ती नऊ रफ घेऊन आली आणि गुपचूप लावून बसली. त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या सत्रातल्या मुखपृष्ठाच्या असाइनमेंटला तिच्या फोल्डरमध्ये बावन्न रफ होती. जागरणं थांबली नाहीत, पण आठवड्याला चाराची एकावर आली, आणि कापाकापीचं काम ती दिवसाउजेडी करायला लागली.

छपाई

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण पहिल्या वर्षात तो बहुतेकांवर येतोच. मुखपृष्ठासाठी तिने स्क्रीनवर एक झळझळीत निळसर जांभळा निवडला होता. छापून आला तो मळकट. स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा प्रकाश मिसळून रंग दाखवते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई मिसळून. प्रकाशाला गाठता येणारे काही रंग या चार शायांना गाठताच येत नाहीत आणि तो जांभळा नेमका त्यांतला. शिवाय कडेला जादाचे ३ मिलिमीटर न सोडल्याने कापल्यावर एका बाजूला पांढरी केसासारखी रेघ राहिली होती.

पहिल्या सत्रात हे सबमिशनच्या सकाळी घडलं असतं. या वेळी तिने चार दिवस आधी एक कच्चा प्रिंट काढला होता. ती तो वर्गात घेऊन आली, भिंतीवर लावला आणि म्हणाली, "बघा, माझा रंग मेला." छापील रंगतक्त्यावरून तिने दुसरा रंग निवडला, फाइल दुरुस्त केली आणि पुन्हा छापलं. नव्या रंगात ते मुखपृष्ठ मला आधीपेक्षा आवडलं.

वर्षाच्या शेवटी

ती पास झाली. गुण मध्यम. सॉफ्टवेअरच्या विषयात एक असाइनमेंट सुट्टीत पुन्हा करून द्यावी लागली, कारण त्या बाजूला तिने दोन्ही सत्रांत फारसं लक्ष दिलं नव्हतं, आणि ती उणीव आमच्या बुधवारांनी भरून निघणारी नव्हती. शेवटच्या ज्युरीतलं तिचं कामही जरा जास्तच घोटलेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तसं म्हटलं, तेव्हा तिने मान डोलावली आणि फोल्डर उघडून विचारलं, "मग यातलं कुठलं पुढे न्यायला हवं होतं?" परीक्षक खुर्ची ओढून बसले. दोघं वीस मिनिटं रफ चाळत होते, आणि पुढचा विद्यार्थी ताटकळत उभा होता.

माझ्या बाजूने काही बदल झालेत. शेऱ्यात तीन शब्द लिहिणं मी सोडलं. काय दिसलं आणि पुढचा प्रयोग कोणता, हे दोन्ही लिहिते. गुणांचा काही भाग फोल्डरला दिला, त्यामुळे नऊ चौकोनांबरोबर आता चिठ्ठ्यांचं पाकीटही जमा करावं लागतं. पण एक प्रश्न सुटलेला नाही. ती निदान येऊन म्हणाली, "सोडायचंय." त्याच वर्गात एक मुलगा होता, ज्याने बुधवारच्या भिंतीवर नेमाने रफ लावली, कुणाशी वाद घातला नाही, कधी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या सत्राच्या मध्यावर यायचा बंद झाला. त्याचं फोल्डर अजून माझ्या कपाटात आहे. मी ते दोनदा सगळं काढून बघितलं. कामात तर कुठे काही दिसत नाही.